सुरगाठ: ऊसतोडीच्या वाटेवरचं माझं पहिलं एकल प्रदर्शन

२ ते ८ जून २०२५ या आठवड्यात पुण्यातल्या एका कलादालनात माझं पहिलं एकल प्रदर्शन झालं. अकरा शिल्पं आणि एकवीस चित्रं. विषय घरातलाच: बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणारी माणसं, आणि सहा महिने त्यांच्यामागे ओस पडणारा बालाघाटच्या डोंगररांगेतला माळ. पहिलं रेखाटन केलं तेव्हापासून शेवटचं खोकं परत घरी उतरेपर्यंत साडेतीन वर्षं गेली. या काळात कित्येक वेळा वाटलं, हे आधी कुणीतरी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. तालुक्याच्या गावी राहून काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे, तारखा आणि खर्चासकट.

मी एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षक पदविका केली, मग शिल्पकलेत जी.डी. आर्ट ही पदविका. माझी माय बावीस हंगाम ऊसतोडीला गेली. २०१६ साली कंबर गेली तेव्हा थांबली. मावशी आणि चुलती अजून जातात.

सुरुवात २०२१ च्या दिवाळीनंतरची. मारुतीच्या देवळापुढे दोन ट्रॅक्टर लागले होते आणि सामान चढत होतं. मी वही घेऊन पारावर बसले. चार दिवस चेहरे काढले. घरी येऊन पाहिलं तर ते कुणाचेही चेहरे होते, थकलेले, उदास, आधी कितीदा पाहिलेले. त्याच पानांच्या कडेला मात्र गाठोडी उतरली होती. एकाही गाठोड्याचा आकार दुसऱ्यासारखा नव्हता. एकातून परातीची कड बाहेर आलेली, एकाला तव्याचा दांडा टेकलेला, एक गोधडीत बांधलेलं आणि वर लहान मुलाची चप्पल खोचलेली. सहा महिन्यांचं घर त्या एका फडक्यात होतं. तेव्हाच ठरवलं की माणसं न दाखवता त्यांचा बोजा करायचा.

नाताळच्या सुट्टीत मावशीच्या टोळीबरोबर कराडकडच्या फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या रानात, नऊ दिवस राहिले. पहाटे चारला कोप्यांमधून, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या खोपट्यांमधून, चुली पेटायच्या. उजाडेपर्यंत बाया फडात उतरलेल्या असायच्या. आमच्याकडे नजर टाकली की दोन डोंगर ओलांडून पलीकडची बाभूळ दिसते. तिथे तिन्ही बाजूंनी ऊस, डोक्याच्या दुप्पट उंच, हिरव्या भिंतीसारखा. आकाश फक्त वरच्या पट्टीत. मला तिथे आधी श्वास घ्यायला जड गेलं. मावशी म्हणाली, "पहिले आठ दिवस समद्यांनाच होतंय. मंग डोळे खाली बगायला शिकतेत." पुढे माझ्या सगळ्या फडाच्या चित्रांत क्षितिज नाही, ते याच वाक्यामुळे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकले. फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि नुसतं विचारून न थांबता काढलेलं रेखाटन त्या माणसाला देऊन यायचं. मी दोन वह्या ठेवल्या, एक माझी आणि एक फाडून द्यायची. शहरातून आलेली माणसं कॅमेरा घेऊन येतात आणि पुन्हा दिसत नाहीत, याचा राग त्या वस्तीत खरा आहे. मी त्यांच्याच गावची असूनही तो मला जाणवला.

परत येताना पिशवीत फडातली काळी माती, जळालेल्या पाचटाची राख आणि अर्धवट जळलेल्या पात्यांचा कोळसा आणला. घरामागचा तांबूस मुरूम होताच. चित्रं याच चार रंगांत करायची असं मनात धरलं आणि २०२२ चा उन्हाळा त्यात गेला.

मातीचा रंग करायचा तर ती भिजवायची, ढवळायची, जड खडे तळाला बसू द्यायचे आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. असं चार-पाच वेळा केल्यावर तळाशी लोण्यासारखी माती राहते. ती वाळवून, कापडातून गाळून, काचेवर घोटायची. राखेत खार असतो, म्हणून ती बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवावी लागते. बांधणीसाठी मी पहिल्यांदा बाभळीचा डिंक वापरला, कारण तो इथलाच. रंग सुंदर दिसले. मग जून आला, हवा दमट झाली, आणि एकावर एक ठेवलेली सहा चित्रं मधल्या वर्तमानपत्राला चिकटली. सोडवताना निम्मा माळ कागदाबरोबर निघून गेला.

काळ्या मातीने दुसरा धडा दिला. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. कॅनव्हासवर जाड थर दिला की तशाच भेगा चित्राला पडायच्या. मला आधी आनंद झाला, रान आपोआप उतरलं असं वाटलं. आठवड्याभरात खपल्या गळायला लागल्या. शेवटी जे टिकलं ते असं: कॅनव्हास सोडून मरीन प्लायचा तक्ता, त्यावर प्रायमरचे दोन हात, डिंकाऐवजी ॲक्रिलिकचं माध्यम, काळ्या मातीत तिसरा हिस्सा मुरमाची बारीक पूड, आणि जाड एका थराऐवजी पाच-सहा पातळ थर. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. ज्यांना मातीने रंगवायचं आहे त्यांनी आधी वीतभर तुकड्यांवर चाचण्या घ्याव्यात आणि त्या एक पावसाळा तशाच ठेवून पाहाव्यात. माझ्या एकतीस चाचण्या झाल्या. प्रत्येकीच्या पाठीवर तारीख आणि प्रमाण लिहिलेलं आहे.

एकवीस चित्रं एकाच हाताची वाटावीत यासाठी जेकब लॉरेन्स या अमेरिकन चित्रकाराची पद्धत कामी आली. दक्षिणेतून उत्तरेकडच्या शहरांत गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर त्याने १९४०-४१ मध्ये साठ फलक रंगवले. आज त्यातले तीस वॉशिंग्टनमध्ये आणि तीस न्यूयॉर्कमध्ये आहेत. त्याने आधी प्रत्येक फलकाखालचा मजकूर लिहिला, आणि मग एक रंग घेऊन तो सगळ्या फलकांवर लावत गेला, की छटा बदलू नये. मी तेच केलं. एकवीस तक्ते पडवीत ओळीने मांडले. आधी सगळ्यांवर मुरूम, मग राख, मग काळी माती, शेवटी कोळसा. एका फळीवर अडकून बसण्याची माझी सवय त्यामुळे मोडली.

दरम्यान १४ जुलै २०२२ ला मुंबईतल्या एका कलादालनाकडे पहिला अर्ज पाठवला होता. त्यात दहा कामांचे फोटो, माहितीपत्रक, पदविकेची प्रत, कलाकाराचं निवेदन आणि डिमांड ड्राफ्ट. पाच महिन्यांनी दोन ओळींचं नकारपत्र आलं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. शाळेत जाऊन सहावीच्या पोरांच्या वह्या तपासत बसले आणि कुणाशी बोलले नाही. आठवड्याने अर्जाची प्रत काढून पाहिली तेव्हा कारण माझं मलाच दिसलं. फोटो घरातल्या ट्यूबलाइटखाली काढलेले, मातीचे सगळे रंग एकसारखे पिवळे. निवेदनात 'अस्तित्व', 'संवेदना', 'शोध' असे शब्द, आणि ऊस हा शब्द दुसऱ्या पानावर.

दुसरा अर्ज करण्याआधी फोटो पुन्हा काढले. सकाळी नऊच्या सुमाराला, भिंतीच्या सावलीत, काम आणि कॅमेरा एकाच उंचीवर. शिल्पाचे प्रत्येकी तीन बाजूंनी. निवेदन दीडशे शब्दांत बसवलं आणि पहिलं वाक्य लिहिलं: 'माझी आई बावीस हंगाम ऊस तोडायला गेली, प्रत्येक वेळी एकच गाठोडं घेऊन.' हा अर्ज ९ फेब्रुवारी २०२३ ला पुण्याला गेला. मंजुरीचं पत्र १७ ऑगस्टला आलं. प्रदर्शनाचा आठवडा दिला होता ६ ते १२ जानेवारी २०२५.

घरात आनंद झाला. मायने साखर वाटली. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. ज्यांच्यावर हे सगळं आहे त्यातलं एकही माणूस तेव्हा गावात नसणार आणि पुण्यालाही येऊ शकणार नाही. एक दिवस खाडा केला की मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, पैसे कापतो. मी तीन दिवस विचार केला. मिळालेली तारीख सोडायची म्हणजे काय हे एक नकार पचवलेल्या माणसालाच कळेल. शेवटी विनंतीपत्र लिहिलं, कारण स्पष्ट सांगितलं आणि पट्टा पडल्यानंतरचा, म्हणजे कारखाने बंद झाल्यानंतरचा, कोणताही आठवडा मागितला. तीन महिने उत्तर नाही. मी दर पंधरा दिवसांनी फोन करायचे, फक्त विचारायचे, वाद घालायचे नाही, आणि कुणाशी बोलले ते नाव-वेळेसह वहीत टिपायचे. २२ नोव्हेंबरला पत्र आलं: २ ते ८ जून २०२५. तारीख बदलून मागता येते हे मला तोवर माहीत नव्हतं. मागावी. लेखी मागावी.

मोठी शिल्पं याच काळात झाली. जी.डी. आर्टच्या दुसऱ्या वर्षी रामकिंकर बैज यांच्या 'संथाल परिवार'चा फोटो पाहिला होता, तो तेव्हापासून डोक्यात होता. शांतिनिकेतनच्या कलाभवनात १९३८ साली केलेलं हे शिल्प. खांद्यावर कावड घेतलेला बाप, कावडीच्या एका टोपलीत मूल, डोक्यावर बोजा घेतलेली आई, सोबत कुत्रं. कामाच्या शोधात निघालेलं घर, उघड्यावर उभं, आणि घडवलेलं सिमेंट आणि तिथल्याच तांबड्या जांभ्या खड्यांतून. ज्या जमिनीवरून ती माणसं चालली तीच जमीन त्यांच्या अंगात आहे. मी सिमेंटमध्ये बालाघाटचा मुरूम घालायचं ठरवलं ते यावरून.

सगळ्यात मोठं गाठोडं आधी शाडूत केलं. महिनाभर लागला. कापडाच्या चुण्या, आतल्या तव्याचा गोल दाब, वरची गाठ. गाठीवर मी फार मेहनत घेतली होती, पीळ घट्ट, टोकं ताठ. माय संध्याकाळी शेळीला पाणी पाजून आली, उभी राहिली, आणि बराच वेळ पाहत राहिली.

"गाठ चुकली," ती म्हणाली.

मी विचारलं, काय चुकलं.

"ही निरगाठ हाय. बोज्याला निरगाठ नसती मारत." तिने खुंटीवरचं जुनं लुगडं काढलं, त्यात दोन उशा टाकल्या आणि बांधून दाखवलं. एक टोक आतून दुमडून घेतलं, फासासारखं. "ही सुरगाठ. रातच्याला टॅक्टर कुठं बी उतरवतोय. एका काखंत लेकरू असतंय. दुसऱ्या हातानं हे टोक वढलं की समदं मोकळं." तिने टोक ओढलं आणि लुगडं उघडून पसरलं.

मी ते तिच्याकडून सात-आठ वेळा बांधून घेतलं, स्वतः बांधलं, डाव्या हाताने सोडून पाहिलं. मग शाडूची गाठ कापून काढली आणि नव्याने केली. सुरगाठीत पीळ कमी असतो, एक बाजू सैल असते, आणि ओढायचं टोक जरासं लांब सोडलेलं असतं. शिल्प त्याने मऊ झालं. मी केलेल्या गाठीत दुःख दाखवायचा प्रयत्न होता. मायच्या गाठीत उतरल्यावर काय करायचं याची तयारी होती. पुढे सगळ्या कामांत हे टोक येत गेलं, चित्रांतसुद्धा.

सिमेंटच्या कामाचं गणित आधी करून ठेवा. हे गाठोडं साधारण दीड फूट उंच. भरीव ओतलं असतं तर शंभर किलोच्या पुढे गेलं असतं. तुकड्यांचा साचा करून, जाळी घालून, इंचभर जाडीचं पोकळ केलं तेव्हा ४२ किलोवर आलं, दोन माणसांना उचलता येईल असं. कलादालनाच्या अर्जात शिल्पाचं वजन विचारतात आणि फरशीवर किती भार चालेल हे त्यांनाही हवं असतं.

सिमेंटला पाणी लागतं. निदान सात दिवस ते सतत ओलं ठेवावं लागतं आणि पुरी ताकद यायला अठ्ठावीस दिवस जातात. पहिलं ओतकाम मी एप्रिल २०२४ मध्ये, सुट्टी लागणार म्हणून काढलं. गावात तेव्हा टँकर सुरू होता. गोणपाटावर पाणी मारताना समोरच्या घरातली म्हातारी घागर घेऊन रांगेत उभी असलेली दिसायची. दुसऱ्याच दिवशी मी थांबले. ते शिल्प चिरलं, आणि मी ते तसंच प्रदर्शनात ठेवलं, चीर न बुजवता. उरलेली चार ओतकामं श्रावण-भाद्रपदात केली, पन्हाळीखाली पिंप लावून. आपल्या भागात शिल्पाचं वेळापत्रक पावसाने ठरवायचं असतं, ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती.

तीन लहान कामं ब्रॉन्झमध्ये केली: मुलाची चप्पल, भाकरीचं फडकं आणि पाण्याची बाटली. मेणाचं काम मी घरीच केलं. भट्टी दुसऱ्या शहरातली. त्यांनी दोन महिने सांगितले आणि सात घेतले, त्यातही फडक्याची एक कड भरलीच नाही आणि ते पुन्हा ओतावं लागलं. ओतकामाआधी वजनाचा दर, उशीर झाला तर काय आणि बिघडलं तर पुन्हा ओतायचा खर्च कुणाचा, हे कागदावर घ्या. मी तोंडी घेतलं होतं. तीन कामांचं मिळून २३ किलो भरलं, किलोला १,४०० रुपये, म्हणजे ३२,२०० रुपये. उरलेली तीन शिल्पं फायबरची, त्यांना १८,००० लागले.

आता कोयत्यांबद्दल. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, हिशेब होतो तो कोयत्यावर. दोन माणसं मिळून एका हत्याराच्या नावाने ओळखली जातात. मला खरे, झिजलेले कोयते हवे होते. जून २०२४ मध्ये घरोघर फिरले. जुना द्या, नवा घ्या असं सांगितलं. एक्केचाळीस मिळाले. नवे कोयते २५० रुपयांनी आणले, १०,२५० रुपये झाले. जुन्या पात्यांची धार झिजून झिजून आत गेलेली, काहींची रुंदी दोन बोटं उरलेली. मुठींना सायकलच्या ट्यूबचं रबर, चिंध्या, एकीला काळी वेणीची रिबिन. मूठ हातात घेतली की आपली बोटं दुसऱ्याच कुणाच्या बोटांच्या जागेवर बसतात. मी त्यांना तेव्हा हात लावला नाही, घासलं नाही, रंगवलं नाही. फक्त मुरमाच्या रंगाच्या लोखंडी पत्र्यावर ओळीने जोडले.

अडचण वेगळीच निघाली. पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत इतके झाले आहेत की टेम्पोत एक्केचाळीस कोयते सापडले तर काय होईल, हे मला भावाने विचारलं तेव्हा कळलं. शहराच्या हद्दीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगण्यावर मनाईचे आदेश निघत असतात. मार्च २०२५ मध्ये कलादालनाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेले. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी 'असं पत्र आम्ही देत नाही' असं सांगितलं. तिसऱ्या खेपेला मी शिल्पाचे फोटो, कलादालनाचं मंजुरीपत्र, शाळेचं पत्र आणि सगळ्या पात्यांची धार ग्राइंडरने मारून ती बोथट केल्याचं, ती पत्र्याला वेल्डिंगने जोडल्याचं लेखी निवेदन नेलं. परवानगी अशी मिळाली नाहीच. अर्ज दाखल करून घेतला आणि माझ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोहोच दिली. तेवढं पुरलं. कुठल्याही कार्यालयात अर्जाची दुसरी प्रत नेल्याशिवाय जाऊ नका, आणि पोहोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

धार मारायचा दिवस मला जड गेला. ज्यांचे कोयते होते त्यांना आधी सांगितलं. चुलती म्हणाली, "मारून टाक. लई कापलंय त्यानं."

कागदांचंही इथेच सांगते. माझी जीएसटी नोंदणी नाही. राज्यातल्या राज्यात मालाची किंमत एक लाखाच्या वर असेल तर ई-वे बिलाचा, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचा, प्रश्न येतो, आणि पोर्टलवर नोंदणी नसलेल्या नागरिकांसाठीही सोय आहे. मी तालुक्याच्या करसल्लागाराकडे बसून ते करून घेतलं. सोबत प्रत्येक कामाचं नाव, माध्यम, माप, वजन, किंमत अशी यादी, वर ठळक 'प्रदर्शनासाठी, विक्रीचा माल नाही'. तिच्या पाच प्रती. वाटेत एकदाच दाखवावी लागली.

पैशांचं म्हणाल तर सात दिवसांचं भाडं ४२,००० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ४९,५६०. शिवाय १०,००० अनामत. टेम्पो जाऊन-येऊन ३४,०००. तक्ते, चौकटी, खोकी, छपाई, राहणं सगळं धरून दोन लाखांच्या थोडं वर गेलं. मला कर्ज मिळत होतं. माय म्हणाली, "उचल घेऊ नको." मी शिकवणीचे आणि भिशीचे पैसे तीन वर्षं साठवले आणि काम त्या पैशांच्या चालीने पुढे सरकलं. उशीर झाला. पण फेडायचं काही उरलं नाही.

पुण्याला जाण्याआधी गावात दाखवायचं हे ठरलेलं होतं. त्या हंगामात पट्टा लवकर पडला, माणसं परतली होती. २५ मेच्या रविवारी शाळेच्या दोन वर्गांत सगळं मांडलं. त्या वर्षी पाऊस मेमध्येच कोसळायला लागला होता, दुपारभर धो धो, तरी वर्ग भरलेले. मला भीती होती की आमचंच दुःख आम्हाला काय दाखवतेस असं कुणी म्हणेल. तसं कुणी म्हणालं नाही. माणसं माती ओळखत होती. "हा घाटातला मुरूम," "ही तिकडची." एका तरुण बाईने एक्केचाळीस कोयत्यांपुढे उभं राहून एकेक मूठ पाहत स्वतःचा शोधून काढला, खालून तिसऱ्या ओळीत, पात्याला एक खाच होती त्यावरून. तिने नवऱ्याला हाक मारली. दोघं तिथे बरंच उभे होते. मग तिने मला विचारलं, "याच्या बाजूला त्यांचा लावशील का?" नवऱ्याचा कोयता दोन ओळी वर होता. मी जोडी करून मांडण्याचा विचारच केला नव्हता. पुढचे चार दिवस वेल्डरला बसवून पत्रा पुन्हा केला, जेवढ्या जोड्या ओळखू आल्या तेवढ्या शेजारी-शेजारी. चौदा जोड्या झाल्या. उरलेले तेरा सुटे राहिले.

३१ मेच्या रात्री आष्टी-कडा-अहिल्यानगरमार्गे निघालो. वर दुहेरी ताडपत्री. खोक्यांत थर्माकोलपेक्षा जुन्या गोधड्या चांगल्या, धक्का शोषतात आणि परतीलाही वापरता येतात. तक्ते आडवे रचू नका, उभे ठेवा आणि मध्ये पुठ्ठा घाला. सिमेंटची शिल्पं एक्सलच्या वर, मागच्या टोकाला नको. पोहोचलो तेव्हा दोन चौकटींचे कोपरे उसवले होते, बाकी सगळं शाबूत.

मांडणीला रविवार दुपार मिळाली, चारच तास. भिंतीला खिळा ठोकायला मनाई, वरच्या पट्टीतून तारेने लटकवायचं. मी घरीच खोलीचा नकाशा कागदावर काढून कामांचे तुकडे कापून मांडून पाहिले होते, म्हणून निभावलं. मोठं गाठोडं चौथऱ्यावर न ठेवता थेट फरशीवर ठेवलं, दारातून आत आल्यावर पाय अडखळतील असं. कलादालनाचा माणूस म्हणाला लोक ठेचकाळतील. मी शेजारी बसायची हमी दिली आणि सातही दिवस तिथेच बसले.

सोमवारी एकतीस जण आले. मंगळवारी पाऊस, अकरा. हे आकडे मी लिहून ठेवले, कारण पहिल्या दोन दिवसांत मन खचतं. निमंत्रणं पंधरा दिवस आधी टपालाने आणि दोन दिवस आधी फोनने, दोन्ही हवीत. मी फक्त टपाल केलं होतं. बुधवारपासून फोन सुरू केले आणि फरक पडला. येणारे विचारायचे ते बहुतेक मातीबद्दल. काहींनी गाठोड्याचं लांब सोडलेलं टोक ओढून पाहिलं. मी अडवलं नाही. चार चित्रं आणि ब्रॉन्झची चप्पल विकली गेली, खर्चाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग परत आला.

रविवारी गावाहून एक जीप आली. पेरणीची घाई होती, तरी नऊ माणसं आली, मावशीसुद्धा. ती फडाच्या चित्रांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "वरचं आभाळ लई दिलंस. एवढं नसतंय." मी वहीत टिपून ठेवलं.

संध्याकाळी सातच्या आत दालन रिकामं करायचं होतं. सगळे हाताला लागले. खोकी भरली, नेमकी मोठ्या गाठोड्याच्या खोक्याची सुतळी संपली. मावशीने जीपमधलं एक जुनं लुगडं आणलं, सिमेंटच्या गाठोड्याभोवती गुंडाळलं, बांधलं आणि टोक लांब सोडलं. घरी उतरवल्यावर मी ते एका हाताने सोडलं.

अनामत परत यायला सहा आठवडे लागले. २१ जुलैला खात्यावर दहा हजार जमा झाले. तोवर चांगला पाऊस पडून पन्हाळीखालचं पिंप भरलं होतं. त्याच आठवड्यात सिमेंटची दोन पोती आणून पडवीत ठेवली.